सांगड आणि तिचे दोर

(छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. समुद्र इथून एका रात्रीच्या प्रवासावर, आणि आपण बोलणार आहोत शिडाच्या होडीवरच्या दोरांविषयी. तेसुद्धा दोर बांधायचे कसे याविषयी कमी, आणि ते नीट ठेवायचे कसे याविषयी जास्त. पण थोडा वेळ माझ्याबरोबर राहा. या विषयाचे धागे आपल्या जिल्ह्यात अनपेक्षितपणे सापडतात.

पहिला धागा विद्यापीठामागच्या डोंगरात आहे. औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्याच्या दर्शनी भिंतीवर अवलोकितेश्वराचं मोठं शिल्प आहे. काळ साधारण सहावं शतक. मधोमध बोधिसत्त्व उभा, आणि दोन्ही बाजूंना माणसावर येणारी आठ संकटं कोरलेली: आग, चोर, सिंह, साप, हत्ती अशी. त्यांतलं एक संकट म्हणजे बुडणारी नाव. आता विचार करा, समुद्रापासून एवढ्या लांब, दख्खनच्या पठारावर, त्या शिल्पकाराला आणि त्याला पैसे देणाऱ्याला नाव बुडण्याची भीती का आठवावी? कारण उघड आहे. या वाटेवरून जाणारा व्यापारी पुढे बंदरावर पोचत होता आणि तिथून समुद्रात उतरत होता.

दुसरा धागा पैठणचा. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे टिपण आहे. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या दोन्ही गावांचा नावानिशी उल्लेख येतो. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा, असं तो सांगतो. आणि पैठण ज्यांची राजधानी, त्या सातवाहनांच्या काही नाण्यांवर चक्क जहाज आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांची ही नाणी पूर्व किनाऱ्याच्या बाजूला सापडतात. बोटाच्या पेराएवढ्या नाण्यावर जहाजाच्या दोन डोलकाठ्या दिसतात, आणि त्या काठ्यांना आधार देणारे, खाली ताणलेले दोर दिसतात. ठसा कोरणाऱ्याकडे जागा किती थोडी होती बघा. त्या जागेत त्याने माणूस काढला नाही, दोर काढले. त्यांच्याशिवाय जहाज उभं राहत नाही हे त्याला ठाऊक होतं.

सांगड हा शब्द

तिसरा धागा तर आपल्या तोंडातच आहे. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. नोकरी आणि घर यांची सांगड, परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड. सभेत कुणी तरी हे वाक्य बोलल्याशिवाय सभा संपत नाही! पण सांगड ही मुळात वस्तू आहे. दोन होड्या शेजारी शेजारी ठेवून, आडव्या लाकडांनी जोडून, दोराने आवळून जे तरतं साधन होतं ती सांगड. नदी ओलांडायला भोपळे बांधून केलेल्या तराफ्यालाही सांगड म्हणत.

त्याच पेरिप्लसमध्ये, पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांचं वर्णन करताना, ‘संगर’ नावाची जहाजं येतात: एकाच खोडातून कोरलेल्या मोठ्या होड्या एकमेकींना जोडून केलेली. संस्कृतातला ‘संघाट’, म्हणजे जोडणी, आणि हा ‘संगर’ एकाच कुळातले असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात. केरळात तराफ्याला आजही ‘चंगाडम’ म्हणतात. आपली सांगड त्याच घरातली.

आता जगाने उचललेला शब्द बघा. ‘कॅटामरान’ हा तमिळ ‘कट्टुमरम’. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. बांधलेलं लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी लाकडाचे ओंडके दोराने बांधून समुद्रात जात. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्द्याने १६९७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात हा शब्द इंग्रजी वाचकांपुढे ठेवला. कट्टुमरम हा खरं तर तराफा. पुढे हेच नाव दोन अंगांच्या होडीला चिकटलं. म्हणजे नाव तराफ्याचं, आणि वस्तू आपल्या सांगडीची. काही हरकत नाही. दोन्ही शब्दांच्या पोटात एकच क्रिया आहे, बांधण्याची. ही होडी लाकडाने बनते हे खरं, पण तिला ओळख मिळते दोराने.

पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन लोकांनी हीच कल्पना हजारो मैल नेली. त्या परंपरेतली ‘होकुलेआ’ ही दुहेरी नाव १९७५ साली हवाईत नव्याने बांधली गेली आणि १९७६ साली ताहितीपर्यंत गेली. तिची दोन अंगं आडव्या तुळयांना खिळ्यांनी ठोकलेली नाहीत, दोरांनी आवळलेली आहेत. लाटेवर एक अंग वर जातं, दुसरं खाली, आणि तो हिसका दोर सोसतो. खिळा वाकतो नाहीतर उपसतो. दोर ताणतो आणि परत येतो.

खिळा नको, टाका घाला

आपल्याकडेही हेच शहाणपण होतं. अरबी समुद्रातली कितीतरी जहाजं शिवलेली असत. फळीला फळी लावायची, भोकं पाडायची आणि काथ्याच्या दोरीने टाके घालायचे. चौदाव्या शतकात आलेला इब्न बतूता याचं कारण देतो: खिळ्यांचं जहाज खडकावर आपटलं की फुटतं, काथ्याने शिवलेलं तग धरतं. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ ग्रंथात वेगळंच कारण दिलंय. लोखंड वापरू नका, समुद्रातले चुंबकाचे खडक जहाज ओढून घेतील! कारण चुकलं असेल, सल्ला मात्र किनाऱ्यावर चालू असलेल्या पद्धतीशी जुळणारा होता. काथ्या हलका, लवचीक, आणि खाऱ्या पाण्यात लवकर न कुजणारा.

आणि इथे आपण परत आपल्या जिल्ह्यात येतो, अजिंठ्याला. दुसऱ्या लेण्यात पूर्णाची कथा रंगवली आहे. पूर्ण हा सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रापार जातो, यक्ष वादळ उठवतो, आणि भिक्षू झालेला पूर्ण धावून येतो. त्या चित्रात तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे. उंच शिडं, पुढच्या टोकाला आणखी एक लहान चौकोनी शीड, नाळेवर रंगवलेला डोळा, मागे सुकाणूचं वल्हं, आणि रांगेने ठेवलेले माठ.

या चित्रावरून अलीकडे खरं जहाज बांधलं गेलं, हे तुम्ही वाचलं असेल. २०२३ साली सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली एक जहाजबांधणी संस्था यांच्यात करार झाला. केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या काथ्याने शिवल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि त्याला ‘कौंडिण्य’ हे नाव मिळालं. डिसेंबरअखेर ते पोरबंदरहून मस्कतकडे निघालं.

पण त्या मंडळींसमोरची अडचण काय होती, ते लक्षात घ्या. हाताशी आराखडा नव्हता. होतं ते भिंतीवरचं सपाट चित्र. चित्र जहाजाचा आकार सांगतं, शिडांची संख्या सांगतं. पण वाऱ्याचा झोत आल्यावर कोणता दोर आधी सोडायचा, तो कुठून कुठे जातो, त्याचं मोकळं टोक कुठे ठेवायचं, हे चित्रकाराने सांगितलेलं नाही. ते काम करणाऱ्याच्या हाताला माहीत होतं. ते हात गेले की पुढच्यांना सगळं नव्याने, प्रयोग करून शोधावं लागतं. माझा आजचा मुद्दा हाच आहे. जहाजाच्या इतिहासात शीड दिसतं, कप्तानाचं नाव कळतं. दोर कुणी, कसे सांभाळले, ते गळून जातं.

नाडा आणि सोंदूर

दोर सांभाळणं म्हणजे नेमकं काय, हे समजायला समुद्रावर जायची गरज नाही. आपण विहिरीवर जाऊ.

इथे बसलेल्या ज्येष्ठांनी मोट पाहिली असेल. मोटेला दोर किती? दोन. जाड तो नाडा. तो वरच्या चाकावरून जातो आणि बैल धावेवर उतरताना पाण्याने भरलेली मोट वर ओढतो. बारीक तो सोंदूर. तो मोटेच्या सोंडेला बांधलेला, खालच्या कण्यावरून जाणारा. नाडा वजन उचलतो. सोंदूर वजन उचलत नाही, पण सोंड केव्हा उघडायची हे तो ठरवतो. सोंदुराची लांबी चुकली तर पाणी थारोळ्यात नीट पडत नाही. दोन्ही दोरांची लांबी एकमेकींशी जुळलेली हवी, आणि दोन्ही एकमेकांत न गुंतता धावायला हवेत.

शिडाच्या होडीवर हेच दोन प्रकार असतात. एक दोर शीड वर चढवतो आणि धरून ठेवतो, त्याला हॅलयार्ड म्हणतात. तो आपला नाडा. दुसरा शीड आत घेतो किंवा बाहेर सोडतो, तो मेनशीट. तो आपला सोंदूर. आणि गंमत अशी की इंग्रजीत ‘शीट’ म्हणजे कापड नव्हे, दोर! शिडाच्या खालच्या कोपऱ्याला जे जुनं इंग्रजी नाव होतं, त्यावरून तो शब्द आला. आपल्या खलाशांनी याच दोराला ‘दामन’ म्हटलं. दामन म्हणजे वस्त्राचा काठ. दोन वेगळ्या भाषांतल्या माणसांनी एकाच दोराकडे पाहिलं आणि दोघांनाही कापडाची कड आठवली.

खलाशांची बोली

ही खलाशांची भाषा, लष्करी बोली, फार मजेदार आहे. हिंदुस्तानी, मराठी, गुजराती, फारसी, अरबी, पोर्तुगीज, इंग्रजी, सगळ्यांचं कडबोळं. वरच्या शिडाला ‘गावी’ म्हणायचे, ते पोर्तुगीज ‘गाव्हेया’वरून. दोर खाली सोडायचा हुकूम ‘आर्या’, तोही पोर्तुगीजच. ओढायचा हुकूम ‘हबेस’. टॉमस रोबक नावाच्या अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यात या शब्दांचा इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोश छापला. तो का छापावा लागला? कारण गोऱ्या अधिकाऱ्याला कप्तानी येत होती, पण दोर ज्यांच्या हातात होते ते कोकणातले, चितगावचे, गुजरातचे लोक होते. हुकूम त्यांच्या बोलीत दिल्याशिवाय जहाज हलत नव्हतं.

मोठ्या जहाजावर दोर शेकड्यांनी असत. तिथला नियम कडक. प्रत्येक दोराची खुंटी ठरलेली. रात्री, पावसात, दिवा नसताना खलाशाने हात लांब केला की त्याच खुंटीवर तोच दोर सापडला पाहिजे. ही मांडणी बहुतेक जहाजांवर सारखी ठेवत, म्हणजे माणूस एका जहाजावरून दुसऱ्यावर गेला तरी हात चुकत नसे. आपल्या स्वयंपाकघरात वीज गेली तरी मिठाचा डबा जसा हाताला लागतो, तसंच.

दोर गुंडाळायचीही रीत होती. दोराला पीळ असतो. उजव्या पिळाचा दोर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा. उलटा गुंडाळला तर आढी पडते, आणि ऐन वेळी ती आढी कप्पीत अडकते. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ असं आपण हटवादी माणसाला म्हणतो. खलाशाला ही तक्रार वाटली नसती. पीळ ओळखून त्याच्या कलाने घेणं हाच त्याचा धंदा होता. मुंबईत काळा घोड्याजवळ ‘रोप वॉक’ नावाची गल्ली आहे. दोर वळायला लांब, सरळ पट्टा लागतो. वळणारा त्यावर मागे मागे चालत जातो, म्हणून ते नाव. जहाजांचे दोर शहराच्या नकाशावर एवढीच खूण ठेवून गेले.

आजची छोटी सांगड

आता आजच्या काळात येऊ. नॅथनएल हेरेशॉफ या अमेरिकी रचनाकाराने १८७६ साली ‘अमॅरिलिस’ नावाची दोन अंगांची शिडाची होडी न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. तिने बाकीच्यांना इतकं मागे टाकलं की पुढे अशा होड्यांना त्या शर्यतींतून बाहेरच ठेवलं गेलं! जवळपास शंभर वर्षांनी, १९७०च्या सुमारास, कॅलिफोर्नियात होबी आल्टरने ‘होबी १६’ ही किनाऱ्यावरून ढकलत नेता येईल अशी छोटी कॅटामरान काढली, आणि दोन अंगांची होडी जगभर पोचली. १९७६ साली ‘टॉर्नेडो’ वर्गाची कॅटामरान ऑलिंपिकमध्येही आली.

या छोट्या होडीवर दोरांचा प्रश्न जुन्या जहाजापेक्षा अवघड होतो. साध्या होडीला पोट असतं. जास्तीचा दोर त्यात पडून राहतो. कॅटामरानला पोटच नाही. दोन अंगांमध्ये ताणलेलं जाळीदार कापड, ज्याला ट्रँपोलिन म्हणतात, त्यावर दोन माणसं बसतात. त्याच जागेत मेनशीटचा लांबलचक शेव, पुढच्या शिडाचे दोर, शिडाचा पाया डावी-उजवीकडे सरकवणारा ट्रॅव्हलरचा दोर, शीड ताठ करणारा डाउनहॉल, आणि उलटल्यावर होडी सरळ करायचा दोर. कडेच्या फटीतून एखादं टोक खाली गेलं की ते पाण्यात फरफटत जातं आणि मागच्या सुकाणूंना वेढे घालतं.

शिवाय वेग. वाऱ्याचा झोत आला की वाऱ्याकडचं अंग पाण्यातून उचललं जातं. त्या क्षणी मेनशीट सोडावाच लागतो. तो कुणाच्या पायात गुंतला असेल, किंवा त्याची गाठ होऊन कप्पीत अडकली असेल, तर होडी आडवी होते. आडव्या होडीला सरळ करतानाही आधी दोर खाचेतून सोडवलेला असावा लागतो. नाहीतर ती उभी राहते आणि भरलेल्या शिडाने लगेच पुन्हा पडते, किंवा माणसांना पाण्यात सोडून निघून जाते.

म्हणून उपाय काय काढले? साधेच. ट्रँपोलिनवर खिसे शिवले, हॅलयार्डची गुंडाळी त्यात जाते. अनेक होड्यांवर मेनशीट आणि ट्रॅव्हलर मिळून एकच लांब दोर ठेवला, म्हणजे दोन मोकळी टोकं कमी झाली. काही दोरांच्या शेपटीला लवचीक रबरी दोरी लावली, ती ढिलाई आपोआप ओढून घेते. प्रत्येक दोराला वेगळा रंग दिला, म्हणजे ‘लाल सोड’ म्हटलं की प्रश्न उरत नाही. दिशा बदलून झाली की पहिलं काम म्हणजे पायाखालचा दोर बाजूला सारणं. आणि सगळ्यांत जुना नियम: दोर हाताला गुंडाळायचा नाही, मुठीत धरायचा. हा नियम तर आपल्याकडे बैल धरणाऱ्या पोरालाही माहीत असतो. कासरा मनगटाला गुंडाळला आणि बैल उधळला, तर काय होतं हे गावात कुणाला विचारावं लागत नाही.

म्हणजे बघा, रंगीत दोऱ्या आणि रबरी शेपट्या नव्या आहेत. त्यामागची बुद्धी खुंटी ठरवणाऱ्या खलाशाची आणि सोंदुराची लांबी जुळवणाऱ्या शेतकऱ्याचीच आहे. भार घेणारा दोर ओळखा, काबू ठेवणारा दोर ओळखा, आणि मोकळं टोक कायम मोकळं ठेवा. सांगड घालणं म्हणजे नुसतं दोन गोष्टी जवळ आणणं नव्हे. त्यांच्यामधला दोर रोज पाहावा लागतो.

शेवटी एक विनंती. मोट पंपांनी एका पिढीत घालवली. त्याचं दुःख करायचं कारण नाही, बैलांचे आणि माणसांचे कष्ट वाचले. पण नाडा, सोंदूर, कणा, धाव, थारोळं हे शब्दही त्याबरोबर चाललेत. या सभागृहातल्या तरुणांपैकी किती जणांना सोंदूर ठाऊक होता? कोकणातल्या शिडाच्या पडावांचं इंजिन आल्यावर हेच झालं. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा: कोणता दोर कशाला, कुठून कुठे जायचा, गाठ कोणती, गुंडाळायचा कसा. लिहून ठेवा, हातांची छायाचित्रं घ्या. अजिंठ्याच्या चित्रकाराने केलं नाही ते आपण करू शकतो.

प्रश्नोत्तरे

*नायलॉनचे दोर आल्यावर पिळाचा प्रश्न सुटला ना?*

अर्धा सुटला. आजचे होडीवरचे दोर बहुतेक विणलेले असतात, त्यांना जुन्यासारखा पीळ नसतो. पण विणलेला दोर एकाच दिशेने गोल गुंडाळत गेलात तर प्रत्येक वेढ्याबरोबर तुम्ही त्यात नवा पीळ घालता. म्हणून तो इंग्रजी आठच्या आकारात, किंवा नागमोडी घड्या घालत ठेवतात. आधी पीळ दोरात होता, आता तो आपल्या हातात आहे.

*नाथसागरावर अशी होडी चालेल का?*

पाणी पुरेसं आहे. १९७६ साली जायकवाडी धरण पूर्ण झालं, आणि जलाशय लांबीला पन्नास-पंचावन्न किलोमीटर भरतो. अशी होडी उथळ पाण्यातही चालते, कारण तिची सुकाणूं वर उचलता येतात. पण नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, हे विसरू नका. आधी परवानगी, आधी पक्षी, मग आपली हौस. आणि उतरलातच कधी, तर निघण्याआधी एकदा खाली बघा, पायात दोर नाही ना.